दिव्यानीच्या बाटलीवरची गाठ

सोमारी मडावी भांडखोर आहे असं जे म्हणतात, त्यांनी तिला खरी भांडताना पाहिलेलीच नाही. तिचा आवाज चढला म्हणजे घाबरायचं काही कारण नाही. बाजारात भावावरून, नळावर नंबरावरून, रोपवाटिकेत मुकादमाशी हजेरीवरून तो रोजच चढतो. पण ती बोलायची थांबली, पदर खोचला आणि समोरच्याच्या तोंडाऐवजी हाताकडे पाहू लागली, की समजावं, आता हिनं धरलं. आता सुटका नाही.

माहेर तिचं धानोऱ्याकडचं, जंगलाच्या पोटातलं. सासर पोंभुर्ण्याच्या अंगाला. नवरा पत्रू ऑटो चालवतो, स्वभावानं गरीब, कुणी धक्का मारला तर उलट तोच 'लागलं तर नाई ना भाऊ' म्हणून विचारणारा. सोमारी वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरते, मोहाच्या दिवसांत पहाटे मोह वेचते, आणि उरलेल्या वेळात आपल्या एकुलत्या पोरीला शिकवते. स्वतः चौथीतून सुटलेली बाई काय शिकवणार, असं विचारू नका. ती पोरीसमोर बसते आणि म्हणते, "मले समजंल असं सांग." पोरगी आईला समजावता समजावता स्वतः पक्की झाली.

दिव्यानीचा नंबर आरटीईत लागला आणि ती कान्व्हेंटात गेली. आपल्याकडे इंग्रजी शाळेला सगळे कान्व्हेंटच म्हणतात, मग तिथं जोसेफ असो की गजानन. या कान्व्हेंटाला निळं फाटक आहे, आणि मार्चच्या भट्टीतही पाइप सोडून हिरवीगार ठेवलेली लॉन आहे. पण शाळेचा खरा वर्ग भरतो तो फाटकाबाहेर, आयांचा. गाडीवाल्या आया सावलीत, स्कूटीवाल्या भिंतीला, आणि आरटीईवाल्या उन्हात. असा नियम कुणी लिहिलेला नाही. लिहिलेला नियम मोडता तरी येतो.

सावलीतल्या आयांची म्होरकी होती सरिता. नवरा अजय, रस्त्यांचा ठेकेदार, शाळेला सिमेंटपासून पंख्यापर्यंत सगळं देणारा. सरिता बोलायची पुस्तकासारखं. माहेर नागपूरचं म्हणायची. टिफिनच्या सुट्टीत लहान पोरांवर लक्ष ठेवायला शाळेनं तिला 'हेल्पर मदर' केलेलं होतं. पोरं मैदानात, बाटल्या व्हरांड्यातल्या ओट्यावर रांगेत, आणि सरिता खुर्चीवर. तिची निशा आणि आपली दिव्यानी एकाच बाकावर. दोघींचं असं गूळपीठ की एकीला शिंक आली तर दुसरीनं रुमाल काढावा.

सहामाहीत दिव्यानी वर्गात पहिली आली, निशा दुसरी. त्या दिवशी सरितानं फाटकावर पहिल्यांदाच सोमारीशी बोलणं केलं.

"छान हो. घरी कोण घेतं अभ्यास?"

"मीच."

"तुम्ही?" सरिता हसली. "मग आम्हालाही यावं लागेल तुमच्याकडे ट्यूशनला."

"या ना. पण खाली बसावं लागते. खुर्ची नाई आमच्याकडं."

बाकीच्या आया हसल्या. सरिता हसली नाही.

पुढं मोह पडू लागला, आणि एका दुपारी वर्गशिक्षिका संघप्रिया मॅडमचा फोन आला. शाळेत या, लगेच. सोमारी मातीच्या हातानं तशीच धावली. मॅडमच्या टेबलावर दिव्यानीची गुलाबी बाटली. मॅडमनं झाकण काढून पुढं केली. वास नाकात शिरायच्या आधीच सोमारीला कळलं. मोहाची दारू. पोरीनं एक घोट घेऊन थुंकला होता आणि रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी कुणाला बोलले नाही," संघप्रिया मॅडम हळूच म्हणाल्या. "पण वर्गात पोरांनी वास घेतलाय."

संध्याकाळपर्यंत आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलंच. नाव नाही, नुसतं 'काही घरांमधली सवय काही घरांमध्येच राहावी' आणि खाली हात जोडलेलं चित्र. पाठवणारी सरिता. चिखल उडवायचा आणि वरून हात जोडायचे, ही शिकलेल्या माणसाची कला.

घरी सोमारीनं पत्रूला धरलं. "तू पेलास का तिच्या बाटलीतून?"

"मी?" पत्रूचा घास हातातच राहिला. "अव, मी पेत असन तर माह्या गिलासात पेतो. पोरीच्या बाटलीत काऊन टाकू?"

"तुझ्या ऑटोत राह्यते ना ती बाटली सकाळी."

"ऑटोत तर तूही बसतं," पत्रू म्हणाला आणि ताटावरून उठला. पत्रू ताटावरून उठला असं लग्नानंतर पहिल्यांदा झालं.

तिनं बाटली राखेनं घासली, उन्हात पालथी घातली, स्वतःच्या हातानं माठातून भरली. आठवड्याच्या आत पुन्हा तेच. पुन्हा मॅडमचा फोन, पुन्हा तो वास. आता मात्र सोमारीचं डोकं जागेवर राहिना. देवापुढं धार सोडायला सासूनं फडताळात ठेवलेली मोहाच्या दारूची शिशी तिनं उचलून शेजारी नेऊन दिली. सासू महिनाभर बोलली नाही. सोमारी माठ हुंगायची, पोरीचे केस हुंगायची, स्वतःची बोटं हुंगायची. पहाटे मोह वेचतो आपण, बोटांचा वास तर नाही लागत? बोटांनी दारू होत नाही हे तिला समजत होतं, तरी ती भरायच्या आधी हात धुवायची, भरल्यावर पुन्हा धुवायची. एका सकाळी पत्रूनं पाहिलं, तर ती चुलीपाशी बसून भरलेली बाटली उघडत होती, हुंगत होती, बंद करत होती, पुन्हा उघडत होती.

"सोमारी," तो म्हणाला, "तू नाई केलं. मी नाई केलं. आईनं नाई केलं. मंग घरातच काऊन शोधून राह्यली?"

गरीब माणूस कधी कधी असं बोलून जातो. सोमारीनं बाटली बंद केली आणि अंगणातल्या कुंपणाकडं गेली. तिथं वाळलेलं कुसळीचं गवत होतं. चार काड्या उपटल्या, पाण्यात भिजवून नरम केल्या आणि बाटलीच्या मानेला झाकणावरून गाठ मारली. दोन वेढे, एक फास, टोक वर.

ही गाठ तिच्या माहेरची. जंगलात मोहाचं झाड धरायचं असलं, मधाचं पोळं दिसलं, सरपणाची मोळी झाडाखाली ठेवून जायचं असलं, की गवताची अशी गाठ मारून जायचं. म्हणजे ही वस्तू कुणाची तरी आहे. पहारा नको, कुलूप नको. आणि चुकून कुणाचा हात लागून गाठ सुटलीच, तर तिथंच नवी बांधून मगच पुढं जायचं. तुटकी खूण मागं टाकून गेलं तर ते आपल्याच लेकरांवर येते, असं तिकडचं म्हातारं-कोतारं सांगते. लहानपणापासून हे हाडात भरलेलं. तिनं बांधली ती मात्र साध्या हिशोबानं, आणि पोरीला सांगितलं, तहान लागली की तूच सोडायची. कुणी उघडली तर गाठ तुटेल, आणि तुटलेली गाठ घेऊन मी शाळेत उभी राहीन.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी दिव्यानी घरी आली ती 'आज मी गाठ सोडलीच नाही' एवढं म्हणून भिंतीकडं तोंड करून बसली. आईनं बाटली घेतली. गाठ जागेवर. झाकण उघडायला गाठ सोडली, आणि वास आला.

सोमारी तशीच बसून राहिली. हातातल्या सोडलेल्या गवताकडं पाहत. दोन वेढे, एक फास, टोक वर. सगळं बरोबर होतं. फक्त गवत हिरवं होतं. ओलं, कोवळं, कापलेल्या लॉनचं.

तिनं बांधलेलं गवत वाळलेलं होतं.

म्हणजे कुणीतरी गाठ तोडली, बाटलीत ओतली, आणि मग त्याला राहवलं नाही. लॉनमधलं गवत उपटून त्यानं नवी गाठ बांधली. शहरातल्या बाईनं ते गवत कचरा म्हणून फेकून दिलं असतं. तुटकी खूण मागं सोडायला भिणारं माणूस जंगलातलंच असणार. आणि टोक वर, म्हणजे तिच्याच माहेराकडचं.

त्या दिवशी सोमारी कुणावर ओरडली नाही. पत्रूला तेव्हाच समजलं.

पहिला संशय चुकीच्या माणसावर गेला. शाळेतली कामवाली शकुबाई, काळीसावळी, पायात जोडवी, टिफिनच्या वेळी ओट्याजवळच झाडत असायची. सोमारीनं तिला पाण्याच्या टाकीमागं गाठलं आणि हातावर गवत ठेवलं.

"बांधून दाखव."

"काय बांधू?" शकुबाईनं गवताकडं पाहिलं, मग सोमारीकडं. "बाई, ऊन लागलं का तुले? माळ्याची लेक हाओ मी. फुलाचा हार सांग, आत्ता ओवून देतो."

आणि तिनं काड्या खाली टाकून झाडून टाकल्या. सोमारीला आपलीच लाज वाटली. कामवाली दिसली की चोर तीच, हे सावलीतल्या आयांचं गणित तिनंही करून पाहिलं होतं.

तोवर वरून फर्मान आलं. शनिवारी पालकांची बैठक. आरटीईचं लेकरू काढून टाकायला कायदा आडवा येतो, म्हणून या शाळा काढत नाहीत. बोलावतात, बसवतात, चहा देतात, आणि तुमच्याच तोंडून वदवून घेतात की आम्हीच आमचं लेकरू दुसरीकडं नेतो. अशा किती पोरी परत गेल्या आणि घरी बसल्या, ते आम्ही पाहिलेलं आहे. दिव्यानीची शाळा त्या शनिवारवर टांगलेली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी शाळेत आयांचा मेळावा. कैरीचं पन्हं. जगात या दिवसांत कैरीच्या पन्ह्याइतकं निरुपद्रवी काही नाही. पण सोमारीनं पेला घेतला नाही. तिच्या माहेरी गावचा गायता, म्हणजे पुजारी, आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाची पूजा, करत नाही तोवर नवा आंबा तोंडाला लावायचा नाही. आधी देवाला, पुरखांना, मग माणसाला. सासरीही ती पाळायची. पंडुम झाला की भाऊ माहेरून फोन करायचा, मग ती कैरी फोडायची.

सरिता ट्रे घेऊन फिरत होती. सगळ्यांना पेले वाटले, शेवटी आपलाही घेतला. हसत, बोलत, हातात पेला घेऊन फिरत राहिली. सोमारी भिंतीजवळ उभी होती, आणि सवयीनं तोंडाकडं न पाहता हाताकडं पाहत होती. पेल्यातलं पन्हं जरा सांडून सरिताच्या बोटांवर आलं. कुणीही बोट चाटलं असतं. सरितानं ते पदराला पुसलं. आणि मग बोलता बोलताच पेला अशोकाच्या बुडाशी रिता केला.

इतक्यात निशा पळत आली आणि ट्रेमधला पेला उचलू लागली. सरितानं झटकन हात धरला.

"नको. खोकला होईल."

"आजोबाचा फोन आला की मग पिऊ ना मम्मी?" निशा म्हणाली.

बाकी कुणाला त्यात काही वाटलं नाही. आजोबा डॉक्टर असतील. सोमारीला मात्र आपल्या भावाचा फोन आठवला.

सरितानं वर पाहिलं. दोघींची नजर भिडली. सरिताच्या चेहऱ्यावरचा पावडरीखालचा रंग गेला.

सोमारी तिच्या मागोमाग हात धुवायच्या नळापाशी गेली. नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

"कोणतं गाव?"

"कसलं गाव? मी नागपूरची..."

"गाठीचं टोक वर काऊन ठेवलं मंग?"

सरितानं मागं वळून पाहून घेतलं. मग जे बोलली ते पुस्तकासारखं नव्हतं. "तुझी पोरगी माझ्या पोरीला आपल्या बोलीत मोजायला शिकवते. उंदी, रंड, मूंड. निशा घरी माझ्या सासूसमोर मोजते. सासूनं अख्ख्या नात्यात सांगून ठेवलंय, सून नागपूरची. नवऱ्याला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. मी काय काय सोडून आलीय तुले... तुला काय ठाऊक. पोरगी शाळेतून गेली असती तर सुटलं असतं सगळं."

"म्हणून लेकराच्या पाण्यात दारू?"

"झाकणभर. वासापुरती. पिणार नाही हे माहीत होतं मला."

सोमारीचा हात उठला होता. तो तिनं नळावर ठेवला आणि नळ बंद केला.

"तुझं गाव तुझ्यापाशी ठेव. मी सांगनार नाई. पण उद्या तू सांगशील, बाटलीत कोणी टाकलं ते."

"आणि नाही सांगितलं तर? तुझ्यावर विश्वास कोण ठेवेल?" सरिता पुन्हा सावरली होती, पुन्हा नागपूरची झाली होती. "अजयच्या शब्दावर ही शाळा चालते."

रात्री पत्रू म्हणाला, "नाव सांगून दे ना तिचं. गावही सांग. तिनं तुह्यावर दया केली का?"

"गाव सांगतलं तर लोक काय म्हणतीन? पाहा, दोघीही जंगलच्याच. मंग माझी पोरगी वाचली काय अन् बुडाली काय, सारखंच. आपल्या गावाचं नाव मी शिवीसारखं नाई वापरणार, पत्रू."

शनिवारी संचालक साहेब मधोमध, शेजारी मॅडम, समोर आया. चहा आला. साहेबांनी गोड सुरुवात केली. मुलीच्या हिताचंच बघतोय. गावच्या शाळेत तिला जास्त मोकळं वाटेल. अर्ज मॅडम लिहून देतील, तुम्ही सही करा.

सोमारीनं पिशवीतून गुलाबी बाटली काढून टेबलावर ठेवली. झाकणावर गवताची गाठ.

"सही करतो, साहेब. पण आधी ही बाटली सगळ्यांनी उघडा अन् वास घ्या. अन् ज्याले वाटन त्यानं घोट घ्या. आमच्या घरचं पाणी हाय. घरातूनच दारू येते म्हणता ना, मंग आजही असंन."

साहेब हसले, गवत ओरबाडून फेकलं, हुंगलं. पाणीच होतं. सोमारीनं नवी काडी काढली, पुन्हा गाठ बांधली, पुढं सरकवली. संघप्रिया मॅडमनं गाठ तोडली आणि घोटभर प्यायल्याही. पुढच्या बाईनं नखानं गवत तोडलं, वास घेतला, प्यायली नाही. तिच्या पुढचीनं दातांनी तोडलं, वर 'काय हे खूळ' म्हणाली. दर वेळी सोमारी नवी गाठ बांधायची. कुणी विचारलं नाही का. तोडणाऱ्यांच्या लेखी ते गवतच होतं.

बाटली सरितासमोर आली.

सरितानं हात पुढं केला, आणि तो गाठीच्या वर थांबला. तोडायला किती वेळ लागतो? एक झटका. आजूबाजूच्या आया चहा पीत होत्या. निशा दाराबाहेर दिव्यानीसोबत पायरीवर बसलेली, दोघींच्या पाठी दिसत होत्या. मागं तिनं ही गाठ एकदा तोडली होती, आणि तिला माहीत होतं, त्याचं जे येतं ते बांधणाऱ्याच्या नाही, तोडणाऱ्याच्याच लेकरांवर येतं.

"काय झालं सरिता मॅडम?" साहेब म्हणाले.

 सोमारी सरिताच्या हाताकडं पाहत उभी राहिली.

सरितानं मान वर केली. "सोडू?" असं सोमारीला विचारलं. जंगलात दुसऱ्याची गाठ दिसली आणि गरज पडली, तर मालकाला असंच विचारायचं असते.

"सोड."

सरितानं दोन वेढे उलटे फिरवले, फास मोकळा केला, गवत न तोडता मुठीत घेतलं. मग त्याच पुस्तकी मराठीत म्हणाली, "दिव्यानीच्या बाटलीत मी टाकली. तिन्ही वेळा. तिच्या घरच्यांचा काही संबंध नाही."

एका आईनं चहाची बशी खाली ठेवली. साहेबांना घाम फुटला. देणगीदाराची बायको. "काहीतरी गैरसमज असेल," ते म्हणू लागले, "आपण हे इथंच मिटवू, बाहेर कशाला..."

"बाहेर गेलंय ते बाहेरच मिटन, साहेब," सोमारी म्हणाली. "ज्या ग्रुपवर माझ्या घराची सवय लिहिली, त्याच ग्रुपवर लिहा. आत्ता. मी बसतो."

"पण का केलंत तुम्ही असं?" एका आईनं सरिताला विचारलं.

सरिताचे ओठ हलले. सोमारी मधे पडली. "पहिला नंबर पोटात दुखत होता. दुसरं काय असणार?"

सगळ्यांना ते पटलं. आयांना नंबराचं दुखणं लगेच समजते. सरितानं मान खाली घालून ग्रुपवर लिहिलं, आणि एकेक फोन वाजू लागला. हेल्पर मदरची खुर्ची त्याच दिवशी गेली. अर्जाचा कागद साहेबांनी घडी करून खिशात घातला.

सोमारीनं सरिताला माफ केलं असं कुणी समजू नये. ती आजही तिच्याशी बोलत नाही. पोरीच्या सुजलेल्या डोळ्यांचं काय, ते 'झाकणभर' म्हटल्यानं भरून येत नाही. फाटकापाशी मात्र आता ती उन्हात उभी राहत नाही. सरळ सावलीत जाऊन उभी राहते, आणि कुणी सरकलं नाही तर, "थोडं तिकडं व्हा," म्हणते. दिव्यानी पुन्हा पहिली आली. निशा पुन्हा दुसरी. दोघी अजून एकाच बाकावर.

परवा शाळा सुटल्यावर निशा पळत आली आणि आपली निळी बाटली सोमारीच्या नाकासमोर धरली. "काकू, मम्मीनं बांधून दिली. दिव्यानीसारखी."

झाकणावर गवताची गाठ होती. गाडीच्या काचेआड सरिता बसलेली, पाहत नसल्यासारखी पाहत. सोमारीनं बाटली हातात घेतली. दोन वेढे, एक फास, टोक वर, पण फास ढिला. घाईत बांधलेला, किंवा इतक्या वर्षांत हात विसरला असेल.

तिनं फास ओढून घट्ट केला, बाटली पोरीच्या हातात दिली आणि दिव्यानीचं बोट धरून चालू लागली.